मांडलं कुणासाठी? स्थिरचित्राबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर

उदगीर तालुक्यातून एका विद्यार्थ्यानं विचारलंय: "बाई, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला वस्तुचित्र होतं, आता इंटरमिजिएटला स्थिरचित्र आहे. वडील म्हणतात, तांब्या-पेला काढून कुणी चित्रकार झालंय का? मोठ्या चित्रकारांनी खरंच असली चित्रं काढली का? कधीपासून? आणि आपल्याकडं हे होतं का, का इंग्रजांनी अभ्यासक्रमात घातलं म्हणून आपण काढतो?"

वडिलांवर रागावू नकोस. त्यांचा प्रश्न रास्त आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या कलापंडितांनीही जवळपास हेच म्हटलं होतं, त्याकडं येतेच. मी लातूरला तीस वर्षांहून जास्त काळ चित्रकला शिकवली, आणि स्वतः रंगवायला बसले की माझ्यासमोर बहुतेक वेळा भांडीच असतात. म्हणून उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाच.

आधी आपलाच एक शब्द घे: मांडणी. आजीच्या स्वयंपाकघरात पितळी डबे आणि तांबे ओळीनं लावलेली भिंतीवरची फळी, ती मांडणी. आपण पूजा मांडतो, चूल मांडतो, संसार मांडतो, लग्नात रुखवत मांडतो. वर्गात स्टुलावर कापड टाकून घागर आणि दोन वांगी ठेवतो, तीही मांडणीच. स्थिरचित्राचा सगळा इतिहास मला या एका क्रियापदात दिसतो. माणसानं प्रत्येक काळात वस्तू मांडल्या आणि रंगवल्या, फक्त मांडल्या कुणासाठी ते बदलत गेलं. कुठलंही स्थिरचित्र समोर आलं की हे विचारून पाहा, निम्मं चित्र उलगडतं.

सगळ्यात आधी मांडलं ते गेलेल्या माणसासाठी. इजिप्तमध्ये थीब्जला मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याचं थडगं आहे, इसवीसनपूर्व १४०० च्या सुमाराचं. हा राजाच्या शेतजमिनीचा लेखनिक होता, आपल्या भाषेत तलाठीच म्हण ना. त्याच्या थडग्याच्या भिंतींवर दोरीनं शेत मोजणारी माणसं आहेत आणि त्याच्यासाठी रचलेल्या अन्नाच्या राशी आहेत. रंगवलेलं अन्न त्याला परलोकात खरोखर मिळेल अशी त्या लोकांची श्रद्धा होती. पितृपक्षात आपण पितरांचं पान वाढतो, त्याच्याशी हे किती जवळचं आहे बघ. एक फरक मात्र आहे. आपलं पान कावळा शिवला की संपतं, त्यांचं भिंतीवर राहिलं.

मग मांडलं पाहुण्यासाठी. ग्रीक यजमान पाहुण्याला पहिल्या दिवशी जेवू घालायचा आणि दुसऱ्या दिवशी अंडी, कोंबडी, भाजी, फळं कोरडीच पाठवायचा. आपला शिधाच तो. या शिध्याच्या चित्रांना 'झेनिया' म्हणत, असं रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनं लिहून ठेवलंय. इसवीसन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या गावांत अशी भित्तिचित्रं सापडली. त्यातलं एक नेपल्सच्या संग्रहालयात आहे: हिरवट पीच आणि शेजारी अर्ध्यावर पाणी भरलेली काचेची बरणी. काच दिसते ती दोन-चार पांढऱ्या रेघांमुळे आणि पाण्याच्या कडेच्या उजळ वळणामुळे. आज कुणी विचारलं की काच कशी रंगवायची, तर मी हेच चित्र दाखवते. काच रंगवायची नसते, काचेवर पडलेला उजेड रंगवायचा असतो.

त्याच जगातली आणखी एक गोष्ट माझी फार लाडकी आहे. पर्गमॉन या ग्रीक शहरातल्या सोसोस नावाच्या कारागिरानं जमिनीवर रंगीत खड्यांनी 'न झाडलेली जमीन' घडवली होती. मूळ काम राहिलं नाही, पण त्या धर्तीवरची एक रोमन जमीन व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. पंगत उठल्यावर खाली जे पडतं तेच तिच्यावर आहे: माशाचा काटा, कोंबडीचा पाय, शिंपले, द्राक्षाचा देठ, आणि अक्रोड कुरतडणारा एक उंदीर. प्रत्येक टरफलाला त्याची स्वतःची सावली दिलेली आहे. उष्ट्याचंही चित्र होऊ शकतं, हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं.

आता तुझा तिसरा प्रश्न, आपल्याकडं होतं का. अजिंठ्याला गेलास की पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीसमोर थांबतात. तू मान वर कर. छताचे चौकोन पाडलेत आणि त्यांत फळं, फुलं, कमळाचे वेल, पक्षी, प्राणी भरलेत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. खाली भिंतीवर जातककथा चाललेली असते, वर मात्र कुठलीच गोष्ट नाही, नुसतं फळ आहे. वेरूळच्या खांबांवर घटपल्लव कोरलेला दिसेल: काठोकाठ भरलेला घट आणि त्यातून बाहेर सांडणारी पानं. वस्तूकडं प्रेमानं बघणं आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. तरीही याला मी स्थिरचित्र म्हणणार नाही. अजिंठ्याचं फळ कुठल्या पाटावर ठेवलेलं नाही, त्याच्यावर एका खिडकीतून उजेड येत नाही, त्याची सावली पडत नाही. ते फळाचं आदर्श रूप आहे. बाजारातून आणलेलं, एका बाजूनं दबलेलं, उद्या सडणारं ते एक फळ तिथं नाही. ओढून ताणून सगळं आपल्याकडं आधीच होतं असं म्हटलं, तर अजिंठ्याचंही नीट पाहणं होत नाही आणि युरोपचंही.

युरोपात मध्ययुगात वस्तू देवाच्या चाकरीत गेल्या. मेरीच्या चित्रात लिली दिसली तर ती पावित्र्याची खूण असायची, नुसतं फूल नसायचं. हळूहळू या वस्तू चित्राच्या मागच्या बाजूला सरकल्या, अगदी शब्दशः. हान्स मेमलिंगनं १४८५ च्या सुमारास एका प्रार्थना करणाऱ्या तरुणाचं व्यक्तिचित्र काढलं आणि त्याच फळीच्या पाठीवर फुलांचा चंबू रंगवला. १५५१ मध्ये पीटर आर्टसननं तर उलटापालटच केली. त्याच्या चित्रात पुढं खाटकाचं दुकान आहे, सोललेलं बैलाचं डोकं, मांस, मासे, आणि पार मागं, फटीतून दिसावं तसं, इजिप्तला निघालेलं येशूचं कुटुंब. देव मागं गेला आणि वस्तू पुढं आल्या.

१६०० च्या आसपास वस्तू एकट्या उभ्या राहिल्या. इटलीत काराव्हाज्जोनं फळांची टोपली रंगवली, मिलानमध्ये आहे ती. सफरचंदाला किडीचं भोक आहे, द्राक्षाची पानं सुकून मुडपलीत, टोपली फळीच्या कडेच्या जरा पुढं आलेली आहे. अजिंठ्याच्या छतात जे नव्हतं ते इथं आहे: हे एकच फळ, आजच्या दिवसाचं.

स्पेनमध्ये त्याच सुमारास हुआन सांचेझ कोतान काय करत होता ते तुला आपल्या घरात उभं राहूनच कळेल. जुन्या घराच्या भिंतीत देवळी असते ना, तसला एक दगडी कोनाडा त्यानं रंगवला, मागं पूर्ण काळोख. वर दोरीनं टांगलेलं क्विन्स नावाचं पिवळं फळ, त्याखाली टांगलेला कोबी, मग कडेवर कापलेलं खरबूज आणि पुढं आलेली काकडी. भाजी टांगलेली का, हे शहरातली मुलं विचारतात. शिंकं पाहिलेल्या लेकराला सांगावं लागत नाही: मुंग्या लागू नयेत, हवा लागून टिकावं म्हणून. चारही वस्तू वरून खाली एका वळणानं उतरतात, झोका सुटावा तशा. हा माणूस १६०३ मध्ये मठात जाऊन संन्यासी झाला. मला ते चित्र कायम उपासाच्या दिवशीच्या स्वयंपाकघरासारखं वाटतं, सगळं आहे आणि कुणी हात लावत नाही.

आता हॉलंड. इथं जरा थांबू, कारण स्थिरचित्राला नाव मिळालं ते इथं. डच भाषेत 'स्टिललेव्हन', म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंचं चित्र. त्यावरून इंग्रजी 'स्टिल लाइफ' आणि त्यावरून आपलं स्थिरचित्र. फ्रेंचांनी पुढं त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ 'मेलेला निसर्ग' असा होतो, ते मला कधीच पटलं नाही. हॉलंडच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये चित्रं लावणं बंद झालं होतं, त्यामुळे चित्रकाराचं गिऱ्हाईक बदललं. आता चित्र विकत घेणारा होता व्यापारी, दुकानदार, दारू गाळणारा. वस्तू मांडल्या गेल्या त्या मालकासाठी, त्याच्या घरच्या भिंतीवर.

आणि या मालकाचा पैसा कुठून येत होता? डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये निघाली. पीटर क्लास याचं १६२७ चं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या रैक्सम्युझियममध्ये आहे. टेबलावर टर्की पक्ष्याचं मांस भरून भाजलेला मोठा 'पाय' नावाचा पदार्थ, कालवं, चिनी मातीचा वाडगा, साल अर्धी सोलून लोंबत ठेवलेलं लिंबू. आणि एका कोपऱ्यात छापील कागदाची गुंडाळी, जुन्या पंचांगाचं पान, तिच्यातून मिरे सांडलेत. ही आपल्या किराणा दुकानातली पुडी आहे, रद्दीच्या कागदाची! मी पहिल्यांदा ती ओळखली तेव्हा अंगावर काटा आला होता. त्या काळी युरोपात जाणारं मिरं मलबारातून आणि जावा-सुमात्रेकडून जायचं. १६३७ मध्ये डचांनी आपल्या वेंगुर्ल्यालाही वखार घातली. हार्लेम या डच शहरातल्या एका जेवणाच्या टेबलावर अशी आमच्या बाजूची चव सांडलेली आहे. रंग बघ कसे मोजके आहेत त्या मंडळींचे: तपकिरी, राखाडी, हिरवट, आणि एकच पिवळं लिंबू. परीक्षेत डब्यातले बाराही रंग वापरायची घाई करणाऱ्या प्रत्येक लेकरानं हे चित्र एकदा पाहावं.

याच लोकांनी टेबलावर कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ मांडून 'हे सगळं जाणार आहे' असंही रंगवलं. श्रीमंतीचं चित्र आणि श्रीमंतीच्या व्यर्थतेचं चित्र एकाच भिंतीवर लागायचं. कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकून दुसऱ्या दिवशी आडतीवर सौदा करणाऱ्या आपल्या माणसाला यात विसंगती वाटणार नाही.

एक नाव मी मुलींना मुद्दाम सांगते: क्लारा पीटर्स. १६०७ पासून तिची चित्रं मिळतात. बायकांना तेव्हा नग्न मॉडेलवरून अभ्यास करायची परवानगी नव्हती. त्यामुळे मोठी ऐतिहासिक चित्रं त्यांच्या वाट्याला येणंच कठीण होतं. उरल्या घरातल्या वस्तू. क्लारानं १६१२ च्या एका चित्रात सोन्याचा मुलामा दिलेला पेला रंगवलाय. त्याच्या फुगीर गोळ्यांवर नीट पाहिलं तर त्यांतल्या अनेकांत एक इवलीशी बाई आहे, हातात रंगाची पाटी घेतलेली. ती स्वतः! माद्रिदच्या प्रादो संग्रहालयानं एका स्त्री चित्रकाराचं स्वतंत्र प्रदर्शन पहिल्यांदा भरवलं ते २०१६ मध्ये, आणि ते तिचं होतं. तू घासलेली पितळी कळशी समोर ठेव आणि तिच्या पोटात बघ. खिडकी वाकलेली दिसेल, दार दिसेल, आणि मधोमध, नाक मोठं झालेला, तू दिसशील. बहुतेक मुलं हे पुसून टाकतात आणि तिथं नुसता पांढरा ठिपका देतात. पुसू नकोस.

आता वडिलांचा प्रश्न. सतराव्या शतकात फ्रेंच अकादमीनं चित्रांची उतरंड रचली. सगळ्यात वर इतिहास आणि धर्माची चित्रं, मग व्यक्तिचित्रं, मग निसर्ग, आणि सगळ्यात खाली फळं-भांडी. माणूस रंगवणारा थोर आणि मडकं रंगवणारा कारागीर, असा हिशेब. आपल्या घरातली उतरंड मात्र वेगळं सांगते, तिथं सगळ्यात खालचं मडकं सगळ्यात मोठं असतं आणि वरच्या सगळ्यांचा भार तेच घेतं.

ते खरं करून दाखवलं शार्दां या फ्रेंच चित्रकारानं. जन्म १६९९, मृत्यू १७७९. अकादमीनं त्याला १७२८ मध्ये आत घेतलं ते प्राणी आणि फळं रंगवणारा म्हणूनच. त्याच्या चित्रांत सोनं-चांदी क्वचित, बहुतेक वेळा तांब्याचं पातेलं, मातीचं भांडं, कांदे, अंडी, खलबत्ता. दिदेरो या विचारवंतानं लिहिलं की या चित्राच्या जवळ गेलं तर सगळं विस्कटून नाहीसं होतं आणि लांब सरकलं की पुन्हा जुळून येतं. शार्दांचा उजेड मी कुठल्याच पुस्तकातून शिकले नाही. माझ्या आजोळी माळवदाचं घर होतं. छताला सानं, त्यातून दुपारी उजेडाचा एक खांब सरळ खाली यायचा, चुलीच्या धुरामुळे तो खांब डोळ्यांना दिसायचा. त्यात आजीची परात आली की लखलखायची, आणि हातभर बाजूला ठेवलेली घागर फक्त कडेनं उजळायची, बाकी काळोखात. पुढं शार्दांचं तांब्याचं भांडं छापील चित्रात पाहिलं, तेव्हा अनोळखी काहीच वाटलं नाही. इथं वस्तू मांडलेल्या आहेत त्या फक्त पाहण्यासाठी. मेलेला नाही, पाहुणा नाही, देव नाही, मालकही नाही.

एकोणिसाव्या शतकाचं एकच मजेदार उदाहरण देते. माने या फ्रेंच चित्रकारानं १८८० मध्ये शतावरीच्या कोंबांची जुडी रंगवली. किंमत ठरली ८०० फ्रँक, घेणाऱ्यानं १००० दिले. मानेनं मग एका सुट्या कोंबाचं छोटं चित्र काढून पाठवलं, तुमच्या जुडीतला एक राहिला होता म्हणून. भाजीवालीनं वरून कोथिंबिरीची काडी टाकावी तसं!

सेझाननं (१८३९–१९०६) मात्र सगळं बदललं. तो इतका सावकाश रंगवायचा की फळं सडून जायची. मांडणी करताना फळांखाली नाणी सारून त्यांना हवं तसं कलतं करायचा, असं त्याला मांडताना पाहिलेल्या एका तरुण चित्रकारानं सांगून ठेवलंय. त्याच्या चित्रात टेबलाची कड कापडाच्या डावीकडं एका उंचीवर असते आणि उजवीकडं दुसऱ्याच. परीक्षेत हे केलंस तर गुण जातील, पण त्याला चुकीचं म्हणू नकोस. आपण वस्तूकडं एक डोळा मिटून, मान न हलवता कधी बघतो? उठतो, वाकतो, आत डोकावतो. सेझाननं ते सगळं बघणं एकाच कागदावर आणलं. तिथून पिकासो एकच पाऊल. १९१२ मध्ये त्यानं वेताच्या खुर्चीचं विणकाम छापलेलं मेणकापड सरळ चित्रावर चिकटवलं आणि भोवती खरा दोर गुंडाळला. आता वस्तू मांडल्या गेल्या चित्र म्हणजे काय हे तपासण्यासाठी. या सगळ्या उलथापालथीसाठी चित्रकारांनी वाडगा आणि बाटलीच का निवडली? कारण वाडगा हलत नाही, बोलत नाही, गोष्ट सांगत नाही. नवं काही करून बघायला इतकी शांत जागा दुसरी नाही.

मोरांदी (१८९०–१९६४) हा चित्रकार इटलीत बोलोन्यातल्या घरात बहिणींबरोबर राहिला आणि त्याच त्याच बाटल्या, डबे, सुरया आयुष्यभर रंगवत राहिला. त्यांच्यावर धूळ बसू द्यायचा, चमक मरावी म्हणून. माझ्या मते विसाव्या शतकात याच्याइतकं खोल कुणी गेलं नाही. अमेरिकन चित्रकार वॉरहॉलची १९६२ मधली सूपच्या ३२ डब्यांची चित्रं मला महत्त्वाची वाटतात, पण त्यांच्यासमोर बसून राहावंसं वाटत नाही.

आपल्याकडं हा विषय शिकवण्याच्या रूपात आला तो इंग्रजांच्या कलाशाळांतून, हे खरं. मुंबईचं जे. जे. १८५७ चं. पण आलेला विषय आपला कुणी केला, ते वडिलांना सांग: के. एच. आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळ बोलारम इथला, म्हणजे आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता त्याच राज्यातला. लहानपणी मुंबईला पळून गेला, घरकाम केलं, गाड्या धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. १९४७ मध्ये मुंबईतल्या 'प्रोग्रेसिव्ह' या चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांत तो होता. आणि हा माणूस ओळखला जातो तो फुलदाण्या, फळं आणि भांडी यांच्या चित्रांसाठी. वडिलांच्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर माझ्याकडं नाही. अलीकडं सुबोध गुप्ता या कलावंतानं २००६ मध्ये स्टीलच्या भांड्यांची एक प्रचंड कवटी उभी केली. हॉलंडच्या टेबलावरची कवटी आणि आपल्या घरातली स्टीलची ताटं एकत्र आली.

आता तयारीचं. प्लॅस्टिकची फळं आणू नकोस, त्यांच्यावर सगळीकडं एकच चकाकी असते, डोळा आळशी होतो. संक्रांतीला घरी सुगडं येतील. एक सुगड घे, त्यात बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, उसाचं कांडं, ज्वारीचं कणीस, जसं आई भरते तसं भर. खाली धुवट पांढरं धोतर टाक, इस्त्री न केलेलं. शेजारी एक तांब्या, बस. खोलीतले दिवे बंद कर, एकच दार उघडं ठेव आणि दाराच्या काटकोनात बस. पेन्सिल हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघ: सगळ्यात काळी जागा कुठं आहे, सगळ्यात उजळ कुठं. सुगडाच्या सावलीत काळा रंग घालू नकोस. धोतरावरची सावली निळसर दिसेल, सुगडाजवळ गेली की तीच तांबूस होते, कारण मातीचा रंग कापडावर उतरतो. चार रंगांत काम भागव: पिवळी माती, भाजका तांबडा, निळा आणि थोडा गडद तपकिरी. पांढऱ्यासाठी कागदच मोकळा ठेव.

वडिलांना एक काम सांग. पहिल्या दिवशी मांडणी त्यांना करू दे. तांब्या कुठं, कणीस कुठं, बोरं किती बाहेर सांडायची, ते ठरवतील. मग त्यांना शेजारीच बसव आणि दुपारी चारनंतर सावली कशी सरकते ते दोघं मिळून बघा.